मलेच काहून मारते?

रोल-प्लेइंग गेममध्ये चार जणांची टोळी घेऊन आपण गुहेत शिरतो. समोरचा राक्षस मंत्र सोडतो आणि तो चौघांपैकी एकाच्या अंगावर पडतो. कुणाच्या, हे गेम आतल्या आत ठरवतो. ही निवड नीट होते की नाही, हे तपासण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. आधी पुण्यात, आणि आता रामाकोन्याला घरी बसून. गेम टेस्टरला शेकडो गोष्टी तपासाव्या लागतात. पात्र भिंतीतून आरपार जातं का, सेव्ह केलेला खेळ परत उघडतो का, देवनागरी अक्षरं चौकटीबाहेर सांडतात का. पण मंत्र कुणावर पडतो हा विषय मला एकदा चिकटला तो कायमचा, कारण त्यावरची तक्रार सगळीकडे एकच असते. आमच्या भागातल्या पोरांच्या तोंडी ती अशी येते : ‘मलेच काहून मारते हे?’

पुण्याच्या पहिल्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक नवा मुलगा बसायचा. आम्ही तपासत होतो तो मोबाइलवरचा गेम होता. टोळीत सगळ्यात पुढे ढालवाला, मग तलवारवाला, तिसरी जखमा बऱ्या करणारी हीलर आणि शेवटी धनुष्यवाली. या मुलाचं म्हणणं होतं की राक्षसाचा विजेचा मंत्र हीलरवर जास्त पडतो. त्याने बग टाकला, म्हणजे चुकीची नोंद केली. वरून उत्तर आलं की निवड रँडम आहे, गेम ठरल्याप्रमाणे चालतोय. बग बंद. त्याने पुन्हा टाकला, तोही बंद झाला. मग त्याने घरून चौकडीची वही आणली. चार रकाने आखले आणि मंत्रागणिक एक रेघ मारायला लागला, पाचवी रेघ आडवी. चहाला सगळे खाली उतरायचे तेव्हाही हा मान खाली घालून रेघा मारत असायचा.

पानं भरली, पण चारही रकाने जवळजवळ सारखेच दिसत होते. हीलरचा थोडा जड, पण ‘योगायोग असेल’ म्हणून सोडून देता येईल इतकाच. तेव्हा मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले. दोघांनी मिळून लढाया पाहिल्या आणि एक गोष्ट जाणवली. तो ‘बघा, पुन्हा तिलाच!’ म्हणायचा ते नेहमी लढाईच्या उत्तरार्धात, टोळीतला एखादा पडल्यावर. म्हणून नवं पान घेतलं. आता रेघ मारताना त्या क्षणी कोण जिवंत होतं तेही लिहायचं आणि तलवारवाला मेलेला असताना पडलेल्या मंत्राची रेघ लाल पेनाने मारायची, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत लाल रेघांचा ढीग हीलरच्या रकान्यात जमला होता. ढालवाल्याच्या आणि धनुष्यवालीच्या मिळून जितक्या, जवळपास तितक्या एकट्या तिच्या.

कोड उघडून बघितल्यावर कारण दोन ओळींत सापडलं. गेम १ ते ४ मधला एक आकडा काढायचा. त्या जागेवरचा जिवंत असेल तर मंत्र त्याच्यावर. मेलेला असेल तर सरळ पुढच्या जागेवरच्याला. पंगतीतून एकजण उठून गेला आणि वाढप्याने त्याच्या वाटचा लाडू दर वेळी शेजारच्याच पानात टाकला, तर जे होईल ते इथे होत होतं. तलवारवाला पडला की त्याच्या वाटचे पंचवीस टक्के हीलरच्या पंचवीस टक्क्यांत जमा. ढालवाल्याला २५, धनुष्यवालीला २५ आणि हीलरला ५०. खरं तर तिघांना सारखा तिसरा हिस्सा यायला हवा. दुसरा आणि तिसरा दोघंही पडले तर आणखी वाईट. मग धनुष्यवालीवर ७५ टक्के आणि ढालवाल्यावर २५. पडलेल्याला उठवू शकणारी टोळीत एकटी हीलर, आणि तिला सोबत्याची सगळ्यात जास्त गरज असते त्याच वेळी गेम तिच्यावर दुप्पट तुटून पडत होता. लढाया हातातून जायच्या त्या तिथून.

दुरुस्ती अगदी छोटी. आधी जिवंत असलेल्यांची यादी करायची आणि मग त्या यादीतून एक उचलायचा. २०१४ साली आलेल्या ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या गेममध्ये ‘आर्केन मिसाइल्स’ नावाचं पान आहे. त्यातून तीन बाण सुटतात आणि शत्रूच्या बाजूला रँडम पडतात. प्रत्येक बाण सुटताना समोर जे उरलेले असतात त्यांच्यातूनच तो निवड करतो. मेलेला यादीतून बाहेर, उरलेल्यांची शक्यता सारखी. आमच्या गेममध्येही तेच करायचं होतं.

आमच्या प्रोग्रामरबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याने ती निवड लिहिली तेव्हा गेममध्ये कुणी मरतच नव्हतं. मरण नंतरच्या आवृत्तीत आलं, आणि मेलेल्याच्या अंगावर मंत्र पडून गेम अडकू नये म्हणून कुणीतरी घाईने ‘मग पुढचा घे’ अशी एक ओळ जोडली. अन्याय करायचा म्हणून ती ओळ कुणी लिहिली नव्हती. मला खटकली ती दुसरी गोष्ट. एका माणसाने दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा ‘रँडम आहे’ या दोन शब्दांवर त्याचं तोंड बंद केलं गेलं. कोड उघडून बघायला कुणाला अर्धा तासही लागला नसता. पुढे मी स्वतः टीम सांभाळायला लागले तेव्हा एक नियम केला : रँडमबद्दलची तक्रार न मोजता बंद करायची नाही. तो नियम आजही पाळते.

या कामाकडे मी आले ती गावाकडून. माझं रामाकोना हे मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीतलं गाव. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातले. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि मोठ्या कामाला नागपूर, अशी इथल्या माणसाची घडण. माझ्या लहानपणी नागपूरला जायचं म्हणजे छोट्या लाईनची गाडी. ती २०१५ साली मोठ्या लाईनसाठी बंद झाली. त्याच गाडीने भावाने एकदा नागपूरच्या सीताबर्डीवरून टीव्हीला जोडायचा गेम आणि पिवळं कार्ट्रिज आणलं होतं. त्या गेममध्ये नशिबाला जागा नव्हती. शत्रू दर वेळी त्याच झाडामागून निघायचा, उडी त्याच खड्ड्यावर मारायची. आम्ही भावंडं पाठ करून खेळायचो. नागपूरला कॉलेजात गेल्यावर होस्टेलच्या कम्प्युटरवर पहिल्यांदा रोल-प्लेइंग गेम बघितले आणि कळलं की इथे पाठांतर चालत नाही, इथे गेम दर वेळी नवा डाव टाकतो. तो डाव कोण टाकतं आणि कसा, हे कुतूहल मला पुण्यापर्यंत घेऊन गेलं. पुण्यात तेव्हा गेमचं काम वाढत होतं. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून तिथे होता. नंतर ‘राजी’सारखा आपल्या पुराणकथांवरचा गेमही २०२० साली पुण्याच्याच एका लहान टीमने जगापुढे ठेवला. गावी मात्र ‘पोरगी गेम खेळायचा पगार घेते’ एवढंच माहीत होतं, आणि आईला ते कुणाला सांगताना अवघड व्हायचं.

जुने गेम तपासकाच्या नजरेने पुन्हा खेळले तेव्हा त्यांच्याबद्दल आदर वाढला. ‘फायनल फँटसी’चा पहिला भाग १९८७ सालचा. त्यात चार योद्धे एकाखाली एक उभे असतात. राक्षस हल्ला करताना आठातून चारदा पहिल्याला निवडतो, दोनदा दुसऱ्याला, आणि तिसऱ्या-चौथ्याला एकेकदा. म्हणजे निवड रँडम आहे, पण सारखी नाही, आणि ती तशी मुद्दाम ठेवली आहे. भरभक्कम लढवय्या वर उभा करायचा आणि नाजूक जादूगार खाली, हा त्या खेळातला डावपेचच त्यातून तयार झाला. खेळणाऱ्या मुलांना आठातले आकडे ठाऊक नव्हते, पण वर उभा असणारा जास्त मार खातो हे ती अनुभवाने शिकली आणि त्याला सगळ्यात चांगलं चिलखत द्यायला लागली. या कलाला मी दोष मानत नाही. कुणीतरी विचार करून तो ठेवला होता आणि खेळणाऱ्याला तो ओळखता येत होता.

याउलट १९९६ सालच्या पहिल्या ‘पोकेमॉन’मध्ये ज्या चालीवर शंभर टक्के अचूक असं लिहिलं होतं तीही २५६ वेळांतून एकदा हुकायची. गेम ० ते २५५ मधला आकडा काढायचा आणि तो २५५ पेक्षा लहान असेल तरच चाल लागायची. नेमका २५५ आला की हुकली. तुलनेच्या एका चिन्हाने शंभर टक्क्यांना भोक पाडलं होतं. अशी भोकं भागाकारातही लपतात. ० ते २५५ म्हणजे २५६ आकडे तिघांत वाटायचे तर एकाला ८६ आणि दोघांना ८५-८५. हा फरक कुणाला जाणवणार नाही. पण एखाद्याने जागा वाचवायला ० ते ७ एवढेच आकडे घेतले, तर तिघांत वाटणी होते ३, ३ आणि २. पहिल्या दोघांवर साडेसदतीस टक्के मंत्र, तिसऱ्यावर पंचवीस. हे मात्र खेळताना जाणवतं.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती ‘ॲशरन्स कॉल’ या गेमची हकिगत. १९९९ साली आलेला हा गेम हजारो लोक एकाच वेळी इंटरनेटवर खेळायचे. त्यातल्या ‘वी’ नावाच्या पात्राच्या मालकाची तक्रार होती की घोळक्यात कितीही लोक उभे असले तरी राक्षस धावतात ते आपल्याच अंगावर. इतर खेळाडूंनी त्याची थट्टा केली. गेम बनवणाऱ्यांनाही ते पटलं नाही. थट्टेथट्टेत एक शब्दच रूढ झाला : ‘वी फ्लॅग’, म्हणजे जणू त्याच्या पाठीवर कुणी झेंडा लावलाय. पुढे कोड तपासलं तेव्हा लक्ष्य निवडण्याच्या भागात खरोखर चूक निघाली. गेम प्रत्येक पात्राला आतून एक क्रमांक देतो. त्या क्रमांकाचा निवडीवर परिणाम होत होता आणि काही पात्रं राक्षसांना इतरांपेक्षा जास्त ओढून घेत होती. म्हणजे इतके दिवस तो माणूस खरं बोलत होता. मी नव्या टेस्टरला पहिल्या आठवड्यात ही हकिगत सांगते. त्यात तंत्र फार नाही, पण ऐकून घेण्याची सवय लागते.

अर्थात दर वेळी तक्रार करणारा बरोबर असतोच असं नाही, आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. करोनाच्या वर्षी मी लॅपटॉप घेऊन गावी आले. भाचा तेव्हा शाळकरी. मोबाइलवर तसलाच चौघांच्या टोळीचा गेम खेळायचा आणि ओसरीवरून ओरडायचा, ‘मावशी, पाय नं, मलेच काहून मारते हे? तीनदा झालं सारखं!’ मी त्याला म्हटलं, चल, लिहून काढू. तो खेळला, मी लिहिलं. गेम चांगला बनवलेला होता. जिवंत-मेलेले वेगळे करून पाहिले, जागा बदलून पाहिल्या, सगळीकडे वाटणी सारखी. तरी सलग तीनदा एकालाच लागण्याचे प्रसंग येतच होते.

मग त्याला हिशेब करून दाखवला. चौघं जिवंत आहेत, निवड अगदी सारखी आहे आणि लढाईत राक्षस बारा मंत्र सोडतो. त्या बारांत कुणावर तरी सलग तीनदा मंत्र पडण्याची शक्यता किती? बहुतेक माणसं पाच-सात टक्के सांगतात. उत्तर आहे ४२ टक्के. म्हणजे दहातल्या चार लढायांत असं होणारच. आणि ज्याच्यावर ते होतं त्याला ते आयुष्यभर आठवतं, उरलेल्या सहा लढाया कुणी आठवत नाही. चौघांतल्या एखाद्याला बाराच्या बारा मंत्रांत एकदाही न लागण्याची शक्यताही आठात एक इतकी आहे, पण ‘मला आज एकही लागला नाही’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे कधी कुणी आलं नाही. भाच्याने थोडा वेळ आकड्यांकडे बघितलं आणि विचारलं, ‘मंग बरोबर असूनही असंच वाटन काय?’ हो, बरोबर असूनही असंच वाटतं. या धंद्यातली सगळ्यात कठीण गोष्ट त्या पोराने एका वाक्यात विचारली होती.

ही कठीण गोष्ट मोठ्या कंपन्यांनाही चुकलेली नाही. ॲपलने २००५ साली आयट्यून्समधल्या गाण्यांच्या शफलमध्ये बदल केला, कारण खरोखर रँडम क्रमात एकाच गायकाची गाणी लागोपाठ यायची आणि लोकांना तो पक्षपात वाटायचा. क्रम रँडम वाटावा म्हणून कमी रँडम करावा लागला. ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी मालिकेच्या २००२ पासूनच्या बऱ्याच भागांत वार लागण्याची शक्यता ठरवायला एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतात. पडद्यावर ९० टक्के लिहिलेलं असतं तेव्हा प्रत्यक्षात वार ९८ टक्क्यांच्या आसपास लागतो. माणसाला नव्वद टक्के म्हणजे ‘लागणारच’ असं वाटतं, म्हणून गेमने आकडा माणसाच्या समजुतीकडे सरकवला. मला ही रीत पूर्ण पटत नाही. पडद्यावर जो आकडा दाखवला तो खरा असावा, असं माझं मत आहे. खेळाडूला सांभाळून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण मग टक्के लिहू नका. पुण्यात यावरून माझे डिझायनरांशी वाद झाले आणि बहुतेक वेळा त्यांचंच चाललं. खेळणारे आनंदात होते हेही खरं.

दुसऱ्या एका कंपनीतला बग माझ्या मते मी पाहिलेल्यांत सगळ्यात चतुर होता. एका जुन्या गेमची नवी आवृत्ती बनत होती. तक्रारी यायच्या की या लढाईत सगळे मंत्र धनुष्यवालीवरच पडले. दुसरा म्हणायचा, माझ्या लढाईत सगळे ढालवाल्यावर. आम्ही खूप लढायांची बेरीज केली तर चौघांचे हिस्से अगदी सारखे, २५-२५-२५-२५. इतके सारखे की टीममधल्या एकाने पैज लावली की कोड निर्दोष आहे.

कम्प्युटर रँडम आकडे कसे काढतो ते इथे थोडं सांगावं लागेल. जुन्या पद्धतीत मागच्या आकड्याला एका ठरलेल्या संख्येने गुणतात, दुसरी ठरलेली संख्या मिळवतात आणि दोनच्या एखाद्या मोठ्या घाताने भागून बाकी ठेवतात. येणारे आकडे वरवर अस्ताव्यस्त दिसतात, पण त्यांची शेपटी अस्ताव्यस्त नसते. अशा सूत्रात आकडे सहसा विषम, सम, विषम, सम असेच आळीपाळीने येतात. चारने भागून उरणारी बाकी घेतली तर ती फार तर चार पावलांत फिरून पुन्हा पहिल्यावर येते. आमच्या गेममध्ये लक्ष्य ठरवायला नेमकी हीच चारची बाकी वापरली होती. आणि एका मंत्राला किती आकडे लागायचे? मंत्र लागला का, कुणाला, किती, आणि दुप्पट का, असे चार. म्हणजे दर मंत्राला सूत्र चार पावलं पुढे जायचं आणि निवड त्याच पात्रावर येऊन थांबायची. पूर्ण लढाई एकच जण मार खायचा. पुढच्या लढाईत सुरुवातीचा आकडा वेगळा, म्हणून बळीचा बकरा वेगळा. हजार लढायांची बेरीज चोख आणि प्रत्येक लढाई सडकी.

उपाय जुनाच आहे. आकड्याची शेपटी सोडून त्याचं डोकं वापरायचं, म्हणजे वरच्या बाजूचे अंक. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या ग्रंथाच्या १९६९ सालच्या दुसऱ्या खंडात हे सविस्तर लिहिलेलं आहे. त्या दिवसापासून नुसती बेरीज दाखवून कुणी मला ‘सगळं सारखं आहे’ म्हटलं की मी विचारते, कशाकशाची बेरीज केली?

गावी राहायला लागल्यावर हे सगळं गेमबाहेरही दिसायला लागलं. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. दर महिन्याला स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात आणि एखादं लहान लेकरू एक चिठ्ठी उचलतं. उशिरा पैसे आणून देणाऱ्यांची नावं सारखी लवकर निघतात, अशी कुरबुर सुरू झाली. एका काकूंनी मला बोलावलं, ‘पोरी, तू तं पुण्याले हेच शिकून आली ना? पाय बरं डब्बा.’ डबा अरुंद, काठोकाठ भरलेला. चिठ्ठ्या कुणाच्या शाळेच्या वहीच्या कागदाच्या, कुणाच्या कॅलेंडरच्या जाड गुळगुळीत कागदाच्या. कुणाची घडी एक, कुणाची चार. उशिरा आलेलीची चिठ्ठी साहजिकच वर, डबा दोनदा हलवला तरी खालच्या वर येत नव्हत्या, आणि लेकराचा हात बोटभरच आत जायचा. लबाडी कुणाचीच नव्हती. मी फक्त सगळ्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच घडीच्या करायला सांगितल्या, डबा काढून मोठं पातेलं घ्यायला लावलं आणि दोघीतिघींनी हाताने तळापासून ढवळायचं ठरवलं. कुरबुर थांबली.

हीच चूक अमेरिकेने १ डिसेंबर १९६९ रोजी सगळ्या देशासमोर केली होती. व्हिएतनामच्या लढाईवर कुणाला आधी पाठवायचं हे ठरवायला वर्षाच्या ३६६ जन्मतारखा निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत भरून त्यांची सोडत काढली. कुप्या महिन्यामहिन्याने भरत गेल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, विशेषतः डिसेंबरात जन्मलेल्या मुलांचे नंबर प्रमाणाबाहेर लवकर लागले. संख्याशास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं आणि पुढच्या वर्षी पद्धत बदलली. तिथे मंत्राऐवजी युद्धाचं बोलावणं पडत होतं.

आपल्याकडेही चिठ्ठीवर बरंच काही ठरतं. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठीने ठरला. मतमोजणीत विधानसभा मतदारसंघागणिक पाच व्हीव्हीपॅट यंत्रं पडताळायची, तीही चिठ्ठीनेच निवडतात. शिक्षणहक्क कायद्याखालच्या (आरटीई) खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांची सोडत ऑनलाइन निघते. त्या दिवसांत गावातले आईबाप माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘त्यात काही गडबड रायते काय?’ मला त्या यंत्रणेच्या आतलं काही दिसत नाही, म्हणून तसलं काही मी बोलत नाही. पण माझ्या धंद्याने शिकवलेले प्रश्न त्यांना सांगते. नंबर लागून जे मूल येत नाही त्याची जागा पुढे कशी दिली जाते? उरलेल्यांतून नवी सोडत निघते की यादीतल्या पुढच्याला मिळते? पुढच्याला मिळत असेल, तर ती यादी आधी कशी लावली? ज्याने त्याने हे नम्रपणे विचारावं. सोडत नीट असेल तर उत्तर देणाऱ्याला अडचण पडायचं कारण नाही.

आता या भागातली पोरंही टेस्टिंगकडे वळतायत. पांढुर्ण्याहून, सौंसरहून फोन येतात. कोणता कोर्स करावा असं विचारतात. त्यांना आणि नुसतं खेळणाऱ्यांनाही माझी एक विनंती आहे. गेम आपल्यावर डाव धरतोय असं वाटलं तर रागाने मोबाइल फेकू नका आणि ‘नशीब’ म्हणून सोडूनही देऊ नका. वही घ्या. प्रत्येक मंत्रागणिक कुणावर पडला, तेव्हा कोण जिवंत होतं, कोण कुठल्या जागेवर उभं होतं आणि ती कितवी लढाई, एवढं लिहा. लढाईगणिक पान वेगळं ठेवा. चार-पाच संध्याकाळी बसून पानं भरली की ती गेम बनवणाऱ्यांकडे पाठवा, आणि उत्तरात नुसतं ‘रँडम आहे’ असं आलं तर पुन्हा पाठवा.